माती तपासली, रक्त राहिले

गेली सत्तावीस वर्षे मी गावोगावी एकच सांगत फिरलो, की बाबांनो, पेरणीआधी माती तपासून घ्या. काळीभोर दिसणारी जमीनही आतून स्फुरदाला उपाशी असते. स्वतःचे रक्त मात्र मी कधी तपासले नव्हते.

गेल्या वर्षी नोकरीतल्या वैद्यकीय तपासणीत कोलेस्टेरॉल २६४ निघाले. त्यातले वाईट म्हणतात ते एलडीएल १८२. माझा विश्वास बसेना. अंगाने मी काटकुळा, दिवसभर बांधावरून पायपीट, त्रास म्हणावा तर कसलाच नाही. डॉक्टर म्हणाले, "याचा त्रास होतच नाही, म्हणून तर तपासायचे. घरात कुणाला हृदयविकार होता का?"

तेव्हा वडील आठवले. भर पेरणीत, तिफण हाती असताना छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. वय ५१. ऊन लागले, असेच आम्ही इतकी वर्षे सांगत आलो.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ते लागते आणि बरेचसे आपले यकृतच तयार करते. पण एलडीएल वाढले की ते रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरून साचते. ठिबकच्या नळीत क्षार धरतात तसे मला आधी वाटले. पण हा थर पोकळीत नव्हे, भिंतीच्या आतच फुगतो. एखाद्या दिवशी तो फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो.

आमच्या सौभाग्यवतींनी शेंगदाण्याचे तेलच बंद करायला घेतले. त्यांना थांबवले. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. डब्यावर ते छापणे म्हणजे केळ्यात काटा नाही असे छापण्यासारखे आहे. तेल मोजून वापरायचे एवढेच. वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि दुधावरची साय बंद झाली. उसळी आणि जवसाची चटणी वाढली. तंबाखू सुटायला मात्र सहा महिने लागले.

शिवाय रोज एक गोळी. तिची जन्मकथा मला फार आवडली. जपानमधल्या शेतकरी घरातले संशोधक अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या तपासून १९७३ मध्ये या जातीचे पहिले औषध शोधले. ती बुरशी मिळाली होती क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावर!

तीन महिन्यांत एलडीएल ९६ वर आले. बरा झालो असे समजून मी कुणाला न विचारता गोळी सोडली. पुढच्या तपासणीत १७४. डॉक्टर हसले. म्हणाले, "साहेब, पीक हिरवे दिसले म्हणून तुम्ही पाणी तोडलेत. आता वाळले तर मला विचारता?" काय बोलणार?

हा विकार घराण्यात उतरू शकतो, असे कळल्यावर मी गावी गेलो. दादा साठीचा. म्हणाला, "मी भाकरी खाणारा, औत धरणारा माणूस. मला कसलं आलंय कोलेस्टेरॉल?"

"आबाही औतच धरत होते की, दादा."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सुनेला म्हणाला, धुतलेला सदरा काढून ठेव.

परवा बाजारच्या दिवशी आम्ही दोघे भाऊ तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. दादाने बाही आधीच वर करून ठेवली होती. थोरल्या पुतण्यालाही त्याने बरोबर आणले होते.