पोटदुखी आणि परीक्षेला नकार



आपल्यापैकी पुष्कळांचा एप्रिल हल्ली अमेरिकेत उजाडतो. इकडचा उन्हाळा चुकवावा, तिकडचा बर्फ वितळलेला असावा आणि दिवाळीपूर्वी घरी परतावे, असा बेत आखून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे किंवा लेकीकडे निघतात. तत्पूर्वी ते माझ्याकडे गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला येतात. रक्तदाब, साखर, गुडघे यांविषयी बोलून झाले की मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपण पोहोचाल तेव्हा तिकडच्या शाळांत परीक्षांचा हंगाम असेल, नातवंडांच्या पोटाकडे लक्ष असू द्या.

ही सवय मला २०१५ पासून लागली. माझे एक जुने रुग्ण, निवृत्त मुख्याध्यापक, त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे लेकीकडे गेले होते. गावात त्यांना सारे ‘सर’ म्हणतात, मीही म्हणतो. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा फोन आला. “डॉक्टर, नात चौथीत आहे. रोज सकाळी पोट धरून बसते आणि शनिवार-रविवारी मात्र ठणठणीत असते. जंतांचे औषध देऊ का?” मी उत्तर देण्यापूर्वीच खरी तक्रार बाहेर आली. “आणि हिच्या आईने शाळेला चिठ्ठी दिली आहे, माझी मुलगी राज्याच्या परीक्षेला बसणार नाही म्हणून. बसणार नाही म्हणजे काय? मी चाळीस वर्षे परीक्षा घेतल्या. दोन दिवस झाले, आम्ही बापलेक एकमेकांशी बोललेलो नाही.”

पोटदुखीपुरते मी काही प्रश्न विचारले. मूल दुखण्याने रात्री झोपेतून उठते का? वजन घटले आहे का? ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त? दुखणे बेंबीभोवती आहे की उजवीकडे खाली एकाच जागी? सर्व उत्तरे दिलासा देणारी होती. अशा दुखण्याला आपल्या घरांत एक ठरलेला शब्द आहे, ‘नाटक’. तो शब्द कृपया वापरू नका. आतड्यांचे स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते, त्यांची संवेदना तीव्र होते आणि मुलाला खरोखर दुखते. तपासणीत काही सापडत नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात संशोधकांनी शाळकरी मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, मोजले होते. महत्त्वाच्या परीक्षांच्या आठवड्यात ते सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. ज्या मुलांत ते फार चढले किंवा फार उतरले, त्यांचे गुणही अपेक्षेपेक्षा कमी पडले.

परंतु सरांचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. या परीक्षेत नापास झाली म्हणून ती मुलगी चौथीतच राहणार नव्हती. मग तिला भीती कसली होती?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार तिसरी ते आठवीपर्यंत प्रत्येक वर्गाची दरवर्षी वाचन व गणित या विषयांत राज्यस्तरीय परीक्षा सक्तीची झाली. २०१४ पर्यंत देशातील प्रत्येक मूल ‘प्रवीण’ झाले पाहिजे, असे उद्दिष्ट ठरले. ज्या शाळा वर्षानुवर्षे मागे पडतील त्यांच्यावर कारवाई होणार होती. हेतू वाईट नव्हता. गरीब व कृष्णवर्णीय मुलांची उपेक्षा झाकली जाऊ नये, ती आकड्यांत दिसावी, अशी त्यामागे इच्छा होती. पुढे अनेक राज्यांनी हेच गुण शिक्षकांच्या मूल्यमापनाला जोडले. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेचे ओझे मुलावर असते. तिथे ते आधी शाळेवर आणि शिक्षकावर ठेवले गेले आणि तिथून झिरपत आठ-नऊ वर्षांच्या मुलापर्यंत आले. बाईंच्या आवाजातली काळजी मुलांना गुणपत्रिकेच्या आधी कळते.

न्यूयॉर्कमधील शेकडो प्राचार्यांनी २०१३ मध्ये पालकांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. परीक्षेच्या काळात मुले रडली, काहींना वांत्या झाल्या, काहींचा मलमूत्रावरचा ताबा सुटला, असे त्यात नमूद आहे. माझ्यासारख्या डॉक्टरला हा रुग्णाचा इतिहासच वाटतो.

त्याच वर्षी जानेवारीत सिएटल शहरातील गारफील्ड हायस्कूलच्या शिक्षकांनी ‘मॅप’ नावाची परीक्षा घेण्यास नकार दिला. त्यांची कारणे मला फार पटली. ही परीक्षा त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळत नव्हती. तिच्यासाठी ग्रंथालय व संगणककक्ष आठवडेच्या आठवडे अडकून पडत. शिवाय नववीच्या विद्यार्थ्याची जेवढी प्रगती अपेक्षित असे, तिच्यापेक्षा त्या चाचणीतील चुकीचा वाव मोठा होता. दोन किलो इकडे-तिकडे दाखवणाऱ्या काट्यावर तान्ह्या बाळाचे आठवड्याचे दीडदोनशे ग्रॅम कसे मोजणार? शिक्षकांना दहा दिवस बिनपगारी निलंबनाची धमकी मिळाली. पालक-शिक्षक संघ आणि विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. कोणीही निलंबित झाले नाही आणि मे महिन्यात ती परीक्षा तेथील हायस्कुलांसाठी ऐच्छिक करण्यात आली.

टेक्सासमध्ये पुढाकार प्रामुख्याने आयांचा होता. तिथे हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी १५ परीक्षा ठरवल्या होत्या. २०१३ मध्ये विधिमंडळाने त्या ५ वर आणल्या.

न्यूयॉर्कमधील पालकांचे साधन यापेक्षाही साधे होते, ते म्हणजे चिठ्ठी. ‘माझे मूल ही परीक्षा देणार नाही.’ स्वयंपाकघरातील मेजावर लिहिलेल्या अशा चिठ्ठ्यांमुळे २०१५ च्या वसंतात त्या राज्यात सुमारे दोन लाख मुले, म्हणजे पाचांतले एक मूल, परीक्षेपासून दूर राहिले. लाँग आयलंड हे या चळवळीचे केंद्र होते. काही शाळांनी अशा मुलांना ग्रंथालयात वाचत बसू दिले. काही ठिकाणी मात्र त्यांना त्याच वर्गात, समोर काहीही न देता, इतर मुले लिहीत असताना नुसते बसवून ठेवले. ही शिक्षा कोणाला सुचली असेल, याचे मला अजून नवल वाटते.

सरांची लेक त्यांना पालकांच्या एका सभेला घेऊन गेली. तिथे त्यांना जे दिसले ते त्यांनी ऑक्टोबरात परतल्यावर, रक्तदाब तपासून घेताना मला सांगितले. सभेत पालक म्हणून आलेल्यांत कितीतरी जण शिक्षक होते. आपल्या वर्गात त्यांना ही परीक्षा घ्यावी लागे आणि घरी ते स्वतःच्या मुलासाठी नकाराची चिठ्ठी लिहीत. “डॉक्टर, मला त्यांची दया आली,” सर म्हणाले. “मी परीक्षा घेत असे ती मूल कुठे अडले आहे हे समजावे म्हणून. यांना निकाल हाती येतो तोवर मूल वरच्या वर्गात गेलेले असते.” नकार देणे त्यांना तरीही रुचले नव्हते. लेकीशी बोलणे मात्र त्या सभेहून परतताना गाडीतच सुरू झाले होते.

मला या वादात डॉक्टर म्हणून एवढेच दिसते. रक्तदाबाचे यंत्र उत्तम आहे. पण उद्या कोणी ठरवले की माझे मानधन माझ्या रुग्णांच्या रक्तदाबाच्या आकड्यावर ठरेल, तर काय होईल? मी बिकट रुग्ण घेणार नाही, किंवा हवा तो आकडा येईपर्यंत पुन्हापुन्हा मोजत राहीन. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच हे सांगून ठेवले होते की, आकड्यावर जितके अधिक निर्णय लादावेत तितका तो आकडा भ्रष्ट होतो. अटलांटा शहरात तेच घडले. मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचा ठपका २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व प्राचार्यांवर आला आणि २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले.

दुसरी बाजूही आपण ऐकली पाहिजे, कारण ती हलकी नाही. मे २०१५ मध्ये नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या बारा संघटनांनी या नकाराला जाहीर विरोध केला. सुस्थितीतील पालकांनी मुले काढून घेतली तर गरीब वस्तीतील मुलांची अवस्था दाखवणारा आकडाच पुसट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तापमापक फोडून ताप उतरत नाही, हे मी रोज पाहतो. म्हणून परीक्षाच नकोत, असे मी म्हणणार नाही. मात्र तापमापकावर कोणाची नोकरी टांगू नये, एवढे नक्की म्हणेन.

चळवळीचे फळ अर्धेमुर्धे मिळाले. डिसेंबर २०१५ मध्ये जुना कायदा बदलला. वार्षिक परीक्षा राहिल्या, परंतु त्यांच्या निकालावर काय करायचे हे बव्हंशी राज्यांवर सोपवले गेले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कने शिक्षकांच्या मूल्यमापनात या गुणांचा वापर चार वर्षे स्थगित केला. २०१६ मध्ये तिथल्या परीक्षांची वेळमर्यादा उठली आणि २०१८ पासून प्रत्येक विषयाचे तीन दिवस दोनवर आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील मतदारांनी हायस्कूलच्या पदवीसाठी राज्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट मतदानाने रद्द केली. त्या प्रस्तावामागे शिक्षकांची संघटना होती.

आपण तिकडे असाल तेव्हा मुलाने परीक्षेला बसावे की नाही, हा निर्णय त्याच्या आईवडिलांचा. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि त्यांनी ते पाहिलेले असतात. आपल्या हाती सकाळ असते. पोट दुखते म्हटले तर विश्वास ठेवा, पाठीवरून हात फिरवा, दुखणे आठवड्याच्या कोणत्या दिवशी येते ते कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि ते कॅलेंडर आईला दाखवा. रिकाम्या पोटी धाडू नका, थोडा उपमा किंवा केळे पुरते. ‘तुझ्या बाबांना चौथीत स्कॉलरशिप मिळाली होती’ ही गोष्ट त्या महिन्यात सांगू नका. आणि मी वर विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर परीक्षेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना फोन करायला सांगा.