कर्क्सव्हिलचे दोन दिवस

शिकागोहून दुपारी निघालेली आगगाडी फोर्ट मॅडिसन येथे मिसिसिपीचे विशाल पात्र ओलांडते, आयोवा राज्याचा एक कोपरा कापून मिसुरीत शिरते आणि दिवेलागणीच्या सुमारास ला प्लाटा नावाच्या चिमुकल्या स्थानकावर क्षणभर थांबते. तेथून उत्तरेस वीसेक किलोमीटर गेले की कर्क्सव्हिल लागते. भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेते, मध्यभागी चौकात न्यायालयाची जुनी इमारत, वस्ती साडेसतरा हजारांच्या आसपास. अमेरिका पाहायला निघालेला माणूस वाट वाकडी करून येथे येईल असे काही नाही. आम्ही मात्र मुद्दाम आलो होतो, कारण ऑस्टिओपॅथी या चिकित्सापद्धतीची पहिली शाळा 1892 साली याच गावात निघाली आणि माझी भाची त्याच विषयात संशोधन करीत आहे.

येथे थोडा खुलासा करणे अवश्य आहे. कारण आमच्या बडोद्याच्या घरातही या पदवीविषयी घोळ होताच. अमेरिकेत डी.ओ. ही पूर्ण वैद्यकीय पदवी आहे. ती घेतलेला मनुष्य औषधे लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो. शिवाय हातांनी सांधे, स्नायू व कणा तपासण्याचे आणि हाताळण्याचे शिक्षण त्याला जादा मिळते. इंग्लंडात 1993 च्या कायद्याने ऑस्टिओपॅथीला स्वतंत्र व्यवसायाची मान्यता मिळाली; पण तेथील ऑस्टिओपॅथ सर्वसाधारण अर्थाने डॉक्टर नव्हे. तेव्हा परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पदवीचे नाव वाचून न थांबता देशही पाहावा. माझी भाची मिशिगन स्टेट विद्यापीठात डी.ओ. आणि पीएच.डी. असा जोड अभ्यासक्रम करते. सात-आठ वर्षांचा हा मामला! तिची आई, म्हणजे माझी ताई, दर फोनला एकच विचारते, "डॉक्टर व्हायला एवढी वर्षे कशाला ग?"

या पद्धतीचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल 1828 साली व्हर्जिनियात जन्मला. त्याचे जन्मघर, म्हणजे ओंडक्यांची एक झोपडी, तेथून उचलून आणून कर्क्सव्हिलच्या संग्रहालयात उभी केली आहे. शेजारीच पहिल्या शाळेची दोन खोल्यांची लाकडी इमारत आहे. आपल्याकडच्या एखाद्या खेड्यातील चावडीही तिच्याहून ऐसपैस असेल. पण पहिल्याच वर्गात पुरुषांबरोबर स्त्रियाही बसल्या होत्या, आणि तो काळ एकोणिसाव्या शतकाचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोन खोल्या निराळ्याच दिसू लागतात.

स्टिल सीमेवरच्या वस्त्यांत वैद्यकी करीत असे. 1864 साली मेंदूज्वराच्या साथीत त्याच्या घरातली तीन मुले गेली. त्या काळची औषधे म्हणजे पाऱ्याची भस्मे, अफू आणि जुलाब. त्यांतले काहीच उपयोगी पडले नाही. औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला तो कायमचा. शरीर हे नीट जुळवलेले यंत्र आहे, हाडे व सांधे जागेवर असले आणि रक्ताचा प्रवाह मोकळा असला तर ते आपले आपण बरे होते, असा सिद्धांत त्याने 1874 साली जाहीर केला. ज्या बेकर विद्यापीठाच्या उभारणीला त्याच्या घराण्याचा हात लागला होता, तेथेच त्याला व्याख्यानाला जागा नाकारली गेली. शरीररचना शिकण्यासाठी त्याने मूळ रहिवाशांच्या थडग्यांतील सांगाडे उकरले होते, हेही त्याच्या आत्मचरित्रात आहे. थोर पुरुषाच्या चरित्रातला हा भाग वाचून मन खट्टू होते, पण तो वगळून पुढे जाणे बरे नव्हे.

गावोगाव फिरताना तो स्वतःला विजेच्या वेगाने हाडे बसवणारा म्हणवीत असे. ते वाचून मला हसू आले, कारण बडोद्याच्या माणसाला हाडवैद्य नवा नाही. राजरत्न प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची ख्याती जशी कुस्ती-मल्लखांबाची, तशीच हाडे बसवण्याचीही होती. पाय मुरगळला की आखाड्यात जायचे, ही आमच्या वडिलांच्या पिढीची रीत. फरक एवढाच, की आपल्याकडे ती विद्या गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात गेली आणि तेथेच राहिली. स्टिलने तिच्यासाठी शाळा काढली, आणि शाळा आली की परीक्षा आली.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो एका काचेच्या कपाटापुढे. 1925 साली येथील दोन विद्यार्थ्यांनी एका मानवी देहातील अवघी मज्जासंस्था अखंड सोडवून काढली. त्यासाठी दीड हजारांवर तास लागले. मेंदू, त्याखाली कण्यातली दोरी, आणि तिच्यापासून हातापायांच्या टोकांपर्यंत फुटत गेलेले पांढुरके तंतू, जणू उपटून वाळवलेल्या रोपट्याची मुळे! भाची म्हणाली, "मामा, हे केवळ कौशल्य आहे. यातून औषध लागू पडते की नाही, ते कळत नाही."

तो प्रश्न या गावाला फार पूर्वीच पडला होता. अब्राहम फ्लेक्सनर यांच्या 1910 च्या अहवालाने अमेरिकेतील वैद्यकीय शाळांचे वाभाडे काढले, त्यांतून ऑस्टिओपॅथीच्या शाळाही सुटल्या नाहीत. पुढे डेन्स्लो नावाच्या येथील ऑस्टिओपॅथने मणक्यांवर मोजून दाब देऊन लगतचे स्नायू कितपत दाबाला उसळतात हे विद्युत्‌लेखाने टिपण्यास आरंभ केला. 1945 साली अर्विन कोर हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्याला येऊन मिळाला. तो ऑस्टिओपॅथ नव्हता, हे विशेष. बोटांना जाणवणारी गोष्ट आकड्यात धरण्याचा तो निष्ठेचा प्रयत्न होता. त्यांनी मांडलेल्या सिद्धांतावर आजही वाद आहेत. कणा चाचपून दोन परीक्षक स्वतंत्रपणे निदान करू लागले की त्यांचे एकमत बेताचेच होते, असे नंतरच्या पाहण्यांत वारंवार आढळले.

भाचीचे काम याच गुंत्यात आहे. औषधाची कसोटी घ्यायची तर निम्म्या रोग्यांना तशाच दिसणाऱ्या साखरेच्या गोळ्या देता येतात. हातांच्या उपचाराला साखरेची गोळी कोठून आणायची? नुसता हात ठेवला तरी रोग्याला बरे वाटते. कोणी अर्धा तास आपुलकीने विचारपूस केली तरी कंबर हलकी होते. आणि खरा उपचार करतो आहोत की खोटा, हे करणाऱ्यापासून लपवणे तर अशक्यच. पॅरिसमध्ये कंबरदुखीच्या 400 रोग्यांवर असा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला. दर पंधरा दिवसांनी, सहा वेळा, एका गटाला खरा उपचार आणि दुसऱ्याला हलका स्पर्श. तीन महिन्यांनी हालचालींच्या अडचणी मोजणाऱ्या शंभर गुणांच्या मापावर दोन गटांत फरक निघाला साडेतीन गुणांच्या आत, आणि वेदनेत फरक नाहीच. गणिताने फरक खरा, पण रोग्याला तो जाणवेल इतका मोठा नव्हे. भाचीने हा निबंध पाठ केल्यासारखा सांगितला, आणि तिच्या स्वरात मला ना निराशा दिसली ना बचाव.

ती सध्या खोट्या उपचाराचाच अभ्यास करते आहे. आपल्याला खरा उपचार मिळाला की नकली, हे रोग्याला कितपत ओळखता येते, हे तिला मोजायचे आहे. ते ठरल्याखेरीज पुढच्या कोणत्याही प्रयोगावर विसंबता येत नाही. ज्या हातांच्या बळावर उद्या तिला व्यवसाय करायचा, त्याच हातांची उलटतपासणी! मी विचारले, "तुमचे अध्यापक रागावत नाहीत का?" ती म्हणाली, "त्यांनीच तर विषय सुचवला."

दुसऱ्या रात्री चौकातल्या खाणावळीत जेवत असता बडोद्याहून ताईचा फोन आला. तिकडे नुकती सकाळ होत होती. कर्क्सव्हिल कसे आहे वगैरे झाल्यावर तिने लेकीला नेहमीचा नव्हे, नवाच प्रश्न विचारला : "आणि शेवटी काहीच फरक नाही असे निघाले, तर ग?"

"तर तसे लिहायचे, आई."

"मग पदवी?"

"तीही मिळते."

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरे. जेवून घे आधी."