जॉइनरपाशी फाटणारी नळी

ठिबकची नळी उन्हानं मरते, असं उंद्रीत कुणीही सांगेल. अर्धंच खरं आहे ते. अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक नीट मिसळलेलं असलं की काळी नळी ऊन बरंच सोसते. मला छळते ती जॉइनरपाशी उभी फाटणारी नळी. ना उंदीर, ना विळा, ना जादा दाब. बाकीची ठणठणीत, दात्यांवर जिथं ताणून बसवली, तिथंच चीर.

पॉलिएथिलीनच्या साखळ्या जागोजागी घड्या घालून स्फटिक बनतात. एका स्फटिकातून निघून दुसऱ्यात शिरलेल्या लांब साखळ्यांनीच सगळं बांधून धरलेलं असतं. भंगार पुन्हा पुन्हा वितळवलं की आधी त्याच तुटतात. रंग तोच, जाडी तीच, वजनही तेच. किलोवर नळी विकणाऱ्यांचं फावतं ते इथं.

पुतण्या सीपेट या प्लॅस्टिकच्या संस्थेतून शिकून आलाय. त्याचा देव एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स: १९० अंश, २.१६ किलोचं वजन, १० मिनिटांत किती ग्रॅम माल वाहिला. "काका, आकडा बरोबर आहे, मग प्लॅस्टिकचा दाणा वाईट कसा?" पॉलिप्रॉपिलीन असतं तर ऐकलं असतं, ते तुटत जातं, पातळ होतं, आकडा चढतो. पॉलिएथिलीन लबाड. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींना जोडल्या जाऊन फांद्या फुटतात, आणि आकडा जागच्या जागी राहू शकतो.

मी पट्टी कापून हळू ओढतो. जिवंत असेल तर मध्ये बारीक होत लांबते, मेलेली टचकन तुटते. चारचौघांत असा निकाल द्यायला मला फार आवडायचं. आता साखरेनं बोटं बधिर झालीत. पुतण्याच्या आकड्यांवर मी नाक मुरडतो, त्यात हे दुखणंही आहे. शिवाय ओढून फक्त पार मेलेली नळी सापडते. सावकाश चिरणारी माझ्या हातालाही फसवते. ती साबणाच्या कोमट पाण्यात, पट्टी वाकवून बांधून ठेवली, तर कधीकधी उघडी पडते. साबण प्लॅस्टिक विरघळवत नाही. ताणाखालच्या साखळ्यांना निसटू देतो. त्या साबणपाण्याची बाटली पुतण्यानंच मांडलीय. रोज सकाळी आधी मीच डोकावतो, हे त्याला ठाऊक नाही.

नळी घेताना आयएस १२७८६ चा छाप बघा. आणि जॉइनर चढवताना टोक गरम पाण्यात धरा, काडी पेटवून शेकू नका.