वळायला जागा

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३० वर्षे काढली. २०२३ साली कोलोरॅडोत लेकीकडे गेलो, तेव्हा जावई मोटारीमागे जोडायचा ट्रेलर घेण्याच्या विचारात होते. डोंगरातल्या सरकारी जंगलात मुक्काम करायचा तर २४ फुटी हवा, आत संडास-न्हाणीघर हवे, असे त्यांचे म्हणणे. लेक गप्प होती. आदल्या वर्षी तसलाच भाड्याने आणून ते कच्च्या रस्त्यात अडकले होते. वळायला जागा नाही, म्हणून अंधारात मैलभर उलटे आले, आणि ओढा ओलांडताना ट्रेलरची शेपूट जमिनीला घासली. नातू रडून रडून झोपला.

मी म्हटले, "जावईबापू, १०० लिटर पाणी भरले की १०० किलो वाढले, हे धरलेत का? गाडी ओढेल हो, पण उतारावर थांबायला हवी ना!" शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो, कमी पडला की ट्रेलर डुलतो.

शेवटी १३ फुटी, एका आसाचा, जमिनीपासून उंच असा ठरला. स्वयंपाक मागचे झाकण उघडून बाहेरच. संडासाचे काय, हे आमच्या हिने विचारलेच. त्यावर घरात अजून एकमत नाही.