सगळ्यांचे मोबाईल एका फळीवर

नाशिकरोड

प्रिय ताई,

फोनवर बोलताना तुझा मुलगा शेजारीच असतो, म्हणून लिहितो आहे. खेळाचं वेड सुटावं म्हणून त्याचा मोबाईल काढून घ्यावा का, असं तू विचारलंस. नुसता काढून घेऊन भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. पबजी या मोबाईलवरच्या खेळावर सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली; पुढच्याच जुलैत तो खेळ बीजीएमआय नावाने परत आला आणि पोरं पुन्हा त्याच रणांगणात उतरली. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले होते. मुलं संगणकावरून मोबाईलकडे वळली आणि दहा वर्षांनी सरकारनेच तो कायदा मोडीत काढायचं ठरवलं. खेळात जे मिळतं ते बाहेर मिळेना, की मुलं पळवाट शोधतातच.

काय मिळतं, ते त्याच्याजवळ बसून बघ. शंभर जण उतरतात, चौघांचा स्क्वॉड असतो, मॅच अर्ध्या तासाची आणि मध्येच थांबवता येत नाही. तू ‘जेवायला ये’ म्हणतेस तेव्हा तिघा साथीदारांना तोंडघशी पाडून उठायचं असतं. तुला दिसतो तो उद्धटपणा, त्याच्या लेखी ती दोस्ती. शिवाय मॅच संपताच रँक कळते. शाळेत सहामाहीच्या निकालाची वाट बघावी लागते.

भाऊजी म्हणतात, सगळीच पोरं खेळतात, याला आजार कशाला म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळाच्या आहारी जाण्याची नोंद झाली, तेव्हा काही संशोधकांनीही हीच हरकत घेतली होती: चांगल्या मुलांवर उगाच शिक्का बसेल. ती भीती रास्त आहे. म्हणून तास मोजू नकोस. त्या यादीतल्या खुणा तीनच: खेळ आवरता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा तोच मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, तेही साधारण वर्षभर. झोप, शाळा, मित्र शाबूत असतील तर खेळू दे. नसतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ नंबरवर बोल. फुकट आहे आणि रात्रीही चालतो.

घरात करायचं ते सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावने दाखवलं आहे. २०२२ मध्ये तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मोलाचं हे, की मोठ्यांचेही बंद. तू म्हणशील, ते गाव आहे. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये, अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट सांभाळून कसा वाजवायचा भोंगा? पण गावाची गरज नाही, तिघं पुरेत. शिफ्टप्रमाणे वेळ बदलू दे. त्या तासाला तिघांचे मोबाईल एकाच फळीवर, भाऊजींचाही. मॅच सुरू होण्याआधीच सांग, मध्ये हाक मारू नको. आणि त्याला दुसरा स्क्वॉड हवा. एकट्याने धावायला पाठवू नकोस, कबड्डी-क्रिकेटच्या संघात घाल, जिथे तो गेला नाही तर कोणीतरी विचारायला येईल.

पहिले काही दिवस तो चिडेल, जेवणाचं ताट सरकवेल. तेव्हा फळीवरचा मोबाईल आधी भाऊजींनी उचलू नये, एवढं बघ.

तुझा भाऊ