वल्हांडण

भाषांतराच्या व्यवसायात काही शब्द असे भेटतात की, त्यांच्यापाशी लेखणी थबकते. मराठी पवित्र शास्त्रातील 'वल्हांडण' हा त्यांपैकी एक. इजिप्तच्या दास्यातून इस्राएल लोक ज्या रात्री सुटले, त्या रात्रीचा हा सण. ज्या घरांच्या चौकटींना कोकराचे रक्त लावलेले होते, ती घरे ओलांडून मृत्यू पुढे गेला, अशी कथा निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. हिंदी बायबलात या सणाला 'फसह' म्हणतात. मूळ हिब्रू 'पेसाह'चेच ते रूप. मराठी भाषांतरकारांनी मात्र नाव बाजूस ठेवून अर्थ घेतला आणि 'ओलांडणे'चे जुने भावंड सणाच्या नावात बसविले.

वाचकहो, या क्रियापदाचे आपल्या घराशी किती जवळचे नाते आहे, ते पाहा. निजलेल्या मुलाला ओलांडू नये, असे आजी बजावीत असे. नवी सून माप ओलांडून घरात येते. तेथे ओलांडणे म्हणजे आत येणे. त्या रात्री ओलांडणे म्हणजे आत न येणे. एकाच शब्दात स्वागतही आहे आणि अभयही.

आम्ही रायपूरला राहतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी घरे आहेत. तरी आमच्या मुलांची प्रार्थना आता हिंदीत होते. एकदा होळीच्या सुमारास गोल बाजारात किराणा घेत असता धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, अखमीरी रोटी म्हणजे आपली पोळीच ना? मग तिच्यात विशेष ते काय?"

प्रश्न रास्त होता. आपली पोळीही बेखमीरच. परंतु आपण कणीक भिजवितो आणि मुरण्यासाठी झाकून ठेवतो. यहुदी परंपरेत पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकर भाजून निघावी लागते. विशेष आहे ते पिठात नव्हे, त्या घाईत. सुटकेची घटका आली तेव्हा पीठ फुगेपर्यंत थांबण्यास सवड नव्हती.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता : "ते लोक आता कुठे असतात?" रविवारच्या शाळेतील गोष्टींत यहुदी लोक नव्या कराराच्या अखेरीस जणू पडद्याआड जातात. वस्तुतः ते आपल्याच भाषेत बोलत आले आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे येणाऱ्या पुरीमला ते 'होळीचा सण' म्हणत, आणि वल्हांडणाला 'अनाशी ढाकायचा सण'. त्या दिवसांत आंबट रसाचे मडके झाकून ठेवायचे. हिब्रू विसरली, पण मडके झाकायचे राहिले नाही! पुढे १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह या सणाची पोथी, हग्गादा, छापली गेली; तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. काही हजार माणसे आजही मुंबई-ठाणे परिसरात आहेत.

प्रभू येशूचे शेवटचे भोजन, पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार, वल्हांडणाचेच होते. त्या भाकरीत आम्ही ख्रिस्ती लोक प्रभूचे शरीर पाहतो. ते आमच्या श्रद्धेचे मर्म आहे. परंतु ज्यांच्या पंक्तीला आपण बसलो, त्यांना पाटावरून उठविण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. युरोपात शतकानुशतके हे भान सुटले होते. १९०३ साली किशिनेव्ह शहरात पुनरुत्थानाच्या रविवारीच यहुद्यांच्या घरांवर हल्ले सुरू झाले आणि सुमारे पन्नास माणसे मारली गेली. प्रभूच्या नावाने त्याच्याच लोकांचे उंबरठे ओलांडले गेले! वल्हांडणाचा याहून उलटा अर्थ कोणता? प्रभूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते १९६५ मध्ये. कोकणातील शेजाऱ्यांना मात्र असा ठराव करावा लागला नाही. शनिवारी घाणा बंद राहतो, एवढे त्यांना ठाऊक होते आणि तेवढे पुरले.

या सणाच्या भोजनात घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी कथा सांगायची, अशी रीत आहे. आपल्या घरीही मुले विचारतील. कदाचित आपल्याला सोयीच्या नसलेल्या भाषेत विचारतील. तेव्हा कथा पुरी सांगावी, आणि ती ज्यांची आहे त्यांची नावे गाळू नयेत.