चुन्याची रेघ

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मी दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी, माजघरात अण्णाकाकांना चिकटून बसलो होतो. लॉकडाऊनमुळे पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट गावी आली होती. वारा पडल्यावर बाहेर आलो तर माड आडवे, पोफळी मधोमध मोडलेल्या, कौलं गडग्यापलीकडे. गोठ्यामागचा रायवळ आंबा तेवढा उभा होता.

"हा तरी वाचला," मी म्हणालो.

"उभा आहे. वाचला कुठे म्हणतोस?" अण्णाकाका म्हणाले.

जवळ गेल्यावर कळलं. बेचक्यापासून खोड हातभर खाली चिरलं होतं. एक जाड खांदी तुटून दुसरीत अडकली होती आणि नुसत्या सालीवर लोंबत होती. सगळा तोल गोठ्याकडे. काकूने म्हशी त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे हलवल्या. मृग तोंडावर आलेला. पानं भिजून जड व्हायच्या आत झाड उतरवायला हवं होतं. आंबा १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यातल्या यादीत येतो, म्हणून अण्णाकाका पंचनामा आणि परवानगीच्या मागे लागले. माणूस बघायचं काम माझ्याकडे आलं.

माणूस ठरलेलाच होता. आमचे नारळ पाडायला येणारे, रात्री भजनात पेटी वाजवणारे, म्हणून सगळ्यांचे बुवा. वय साठीकडे झुकलेलं. मी माझ्याकडून तयारी दाखवली: नायलॉनचा नवा दोर, बाईकचं हेल्मेट, कमरेचा पट्टा. गावात तेव्हा नेटवर्क नव्हतं, नाहीतर व्हिडिओ बघून आणखी शहाणा झालो असतो.

बुवांनी दोराकडे पाहिलंही नाही. झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर खालपासून ठोकत गेले. एका ठिकाणी टणक आवाज, पुढे वीतभरावर एकदम बद. "हितं पोकळ हाय. भिरुडानं खाल्लंय." मग झुकण्याच्या उलट्या बाजूची माती पायाने चाचपली. तिथे जमीन किंचित फुगली होती आणि बारीक भेग गेली होती. मला ती दाखवेपर्यंत दिसली नव्हती. माझी मान सारखी वर, त्यांची खाली.

"मी नाय चढणार," बुवा म्हणाले.

मला वाटलं, भाव वाढवतायत. "बुवा, पैशाचं बोला ना." ते हसले. कमरेची चंची काढली, बोटावर चुना घेतला आणि खोडावरच्या चिरेवर आडवी रेघ ओढली, या काठापासून त्या काठापर्यंत. "वाईच थांब. सकाळी बघू." आणि गेले.

मी थांबलो नाही, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी बाजूच्या गावातला कटर मशीनवाला गाठला. त्याने झाड न बघताच दोन हजारांत होकार दिला. आता वाटतं, न बघता होकार हीच खूण पुरेशी होती.

सकाळी रेघ तुटलेली होती. रात्री वारा असा नव्हताच, तरी चुन्याच्या दोन टोकांमध्ये करंगळी जाईल एवढी फट. मी ज्याला उभं झाड समजत होतो, ते रात्रभर पडत होतं. मशीनवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. बुवांना बोलवायला मी स्वतः पाखाडी उतरून गेलो.

"आंब्यावर नाय चढणार बोललो," ते म्हणाले. "फणसावर नाय बोललो नव्हतो."

आंब्यापासून दहा-बारा हातांवर आमचा जुना फणस होता, ठोकून बघितलेला, निरोगी. बुवा त्यावर चढले आणि कमरेचा दोर फणसाच्याच बेचक्यातून घेतला. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की झाडाला घट्ट बांधून घेतलं की माणूस सुरक्षित. चिरलेल्या खोडाला बांधून घेतलेला माणूस मात्र खोड फाकलं की त्याच्याशी आवळला जातो, आणि पडलं की सोबत जातो.

त्याआधी दोन कामं झाली. गोठ्यावरून गेलेली विजेची तार. वीज कित्येक दिवस येणार नव्हती, तरी बुवांनी वायरमन येऊन तार सोडवेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर मेलेल्या तारेतही प्रवाह उलटा येतो, हे वायरमनने सांगितलं. मग चिरेच्या खाली-वर ट्रॅक्टरची साखळी गुंडाळून, पहारीने पिळून खोड आवळलं.

लोंबणारी खांदी सर्वांत आधी, आणि तीही खालूनच. वेळूच्या काठीने तिच्यावर दोर टाकला आणि चौघांनी लांबून ओढली. खांदीची लांबी जेवढी, त्याच्या दुप्पट अंतरावर आम्हाला उभं केलं होतं. ती पडली तेव्हा तिचा शेंडा माझ्यापासून दहा पावलांवर आपटला. मघाशी मी तिच्याच खाली उभा राहून फोटो काढत होतो.

पुढे शेंड्याकडून बुंध्याकडे, तुकडा तुकडा. मशीन वर नेलं नाही, हातकरवतच. प्रत्येक खांदी आधी पोटातून थोडी कापायची, मग जरा पुढे सरकून पाठीवरून. पोटातला काप नसेल तर वजनाने साल खोडापर्यंत सोलत जाते आणि तीच ढलपी कापणाऱ्याच्या छातीवर येते. कापलेली खांदी दोराने सोडायची होती आणि दोराचं टोक माझ्याकडे. मी ते मनगटाला गुंडाळलं.

वरून बुवा ओरडले. एवढा आवाज त्यांनी भजनातही कधी लावला नव्हता. मी घाईने गुंडाळी सोडवली, तोवर खांदी सुटली होती. दोर तळहातांमधून पळाला आणि दोन्ही हातांची सालं घेऊन गेला. मनगटाला असता तर मनगटच गेलं असतं. पुढच्या वेळी दोराला फणसाच्या बुंध्याभोवती तीन वेढे दिले, आणि माझ्या वजनाची खांदी मी भाजलेल्या हातांच्या चार बोटांनी हळूहळू उतरवली. तीन वेढ्यांचं घर्षण शाळेत शिकलो होतो म्हणे.

दुपारी शेजाऱ्यांकडचा आडवा झालेला फणस कापायला घेतला. मुळांसकट उपटलेला, मागे पुरुषभर खड्डा, खड्ड्यात मुलं लपाछपी खेळत होती. बुवांनी पोरांना हाकललं, मग मशीन चालू करू दिलं. खोड तुटताच वजन सुटलेला बुंधा मुळांसकट उठला आणि धप्पकन खड्ड्यात परत बसला. कुणी काही बोललं नाही. मुलांच्या आईने त्यांना घरात नेलं.

आंबा दोन दिवसांत उतरला. गोठ्याची तीन कौलं फुटली, एवढंच. बुवांनी दोन दिवसांची मजुरी घेतली, पहिल्या दिवशीच्या तीन फेऱ्यांचे पैसे घ्यायला तयार नव्हते. तेच खरं काम होतं, हे त्यांना पटवता आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. तेव्हा गावातून दोन फोन आले, झाड उतरवायला माणूस सांग म्हणून. मी दोघांनाही एकच सांगितलं, तुम्हालाही तेच सांगतो. जाणता माणूस झाडावर चढायला नाही म्हणाला, तर 'हो' म्हणणारा दुसरा शोधू नका. आधी झाडाखालून बाजूला व्हा.